मागच्या चाकांतलं करंजतेल

मित्रांनो, मी एक पिकअप गाडी आहे. कुणी मला जुनी म्हटलेलं मला आवडत नाही, पण आहे खरी जुनी. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या पांढऱ्या रंगात बघून कुणालाही भांग पाडता आला असता. पहिली सहा वर्षं मी भूगावच्या एका बिल्डरकडे फरश्या वाहिल्या. मग त्याने नवी गाडी घेतली आणि मी जवळच्याच चांदे गावातल्या म्हसूकडे आले.

म्हसू मेंढपाळ. पहिल्या दिवशी त्याच्या बायकोने, तुकाबाईने, मला हळदकुंकू लावलं. आमचं काम ठरलेलं होतं. आजारी कोकरं डॉक्टरकडे न्यायची आणि आठवड्यातून दोनदा लेंडीखताची पोती भूगावच्या बंगल्यांत पोचवायची. वासामुळे लोक नाकं मुरडत, पण मला त्याचं काही वाटत नसे. त्या खतावर बंगल्यांतले गुलाब कसे फुलायचे ते मी पाहिलंय. फरश्यांनी कधी काही फुलवलेलं माझ्या पाहण्यात नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझे मागचे ब्रेक वाजू लागले. म्हसूने वेग कमी केला की मागून अशी किंकाळी निघे की रस्त्यातली कुत्री उठून बसत. माझ्या मागच्या चाकांत ड्रम नावाचे लोखंडी डबे आहेत. ब्रेक दाबला की आतले दोन वाकडे तुकडे, ज्यांना शू म्हणतात, बाहेर सरकतात आणि ड्रमला घट्ट धरतात. त्या डब्यांत खताची धूळ साचली होती आणि शू सरकायच्या जागा कोरड्या ठणठणीत पडल्या होत्या. मी ओरडून तेच सांगत होते.

कान दिला तो एका बंगल्यातल्या आशालताबाईंनी, पण वेगळ्याच कारणासाठी. "म्हसूदादा, तुमची गाडी गल्लीत शिरली की आमचं बाळ दचकून उठतं हो. जरा बघा ना तिच्याकडे." बाई भल्या होत्या, चहा घेतल्याशिवाय म्हसूला आणि सोबत येणाऱ्या तुकाबाईला कधी जाऊ देत नसत. म्हणूनच म्हसूला ते फार लागलं.

आता म्हसूच्या घरी लोकर कातरायची कातर कुरकुरली की तिला करंजाचं तेल देतात. आज्यापासूनची रीत. त्याला तोच उपाय सुचला. संध्याकाळी तो माझ्याखाली शिरला, ड्रमच्या पाठीमागचं रबरी बूच काढलं आणि दोन्ही चाकांत तेलाची धार सोडली. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. ब्रेक घासून धरतात, मित्रांनो. तेल लागल्यावर ते धरणार कशाने?

आवाज मात्र गेला. "झाली की गुणाची," तुकाबाई म्हणाली. पुढचे ब्रेक धड होते, त्यामुळे चालवताना म्हसूच्या काही लक्षात आलं नाही. दोन दिवस ते दोघं खूश आणि मी एकटी धास्तावलेली.

तिसऱ्या दिवशी आशालताबाईंच्या दारातल्या चढावर म्हसूने मला उभी केली, हँडब्रेक ओढला आणि तो फाटक उघडायला गेला. तुकाबाई मागे उभी राहून पोतं उतरवत होती. हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो. त्याने धरलं नाही. मी मागे सरकू लागले, आधी बोटभर, मग हातभर. पाठीशी तुकाबाई होती आणि मला थांबता येत नव्हतं. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. तिने हातातलं पोतं माझ्या चाकाखाली लोटलं आणि बाजूला उडी घेतली. पोतं फाटलं, खत रस्ताभर झालं, पण मी थांबले. तिला साधं खरचटलंही नव्हतं.

पहिल्या गिअरमध्ये रांगत आम्ही उरवड्याला नथू मिस्त्रीच्या गॅरेजात पोचलो. त्याने जॅक लावून ड्रम काढले. शू तेलाने चिंब होते.

"आतलं सील गेलंय," नथू म्हणाला. "ॲक्सलचं तेल भाईर येतंय. सगळं खोलावं लागंल. चार-पाच दिस गाडी हितंच ऱ्हाईल."

म्हसू गप्प बसला असता तर सगळा दोष माझ्या म्हातारपणावर गेला असता, आणि माझं पोट नाहक फाडलं गेलं असतं. तुकाबाई शेजारीच उभी होती. म्हसूने तिच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"सील न्हाई गेलं, नथू," तो म्हणाला. "तेल मी घातलंय. करंजाचं. कातरीला घालतो तसं."

नथूने शू नाकाशी नेऊन हुंगला. तो हसला नाही.

"मी गाडीच्या मागं हुते," तुकाबाई म्हणाली.

"व्हय. चुकलं माझं."

"बरं झालं बोललास," नथू म्हणाला. "दोन तासांचं काम हाय मग."

ते ऐकून मला इतकं निर्धास्त वाटलं की जॅकवर असूनही चारी चाकं जमिनीवर असल्यासारखी वाटली. नथूने दोन्ही बाजूंचे शू बदलले आणि ड्रम धुऊन पुसून कोरडे केले. मग शू सरकायच्या जागांवर काडीच्या गुलाएवढं ग्रीस लावत तो म्हणाला, "तुझं डोकं अगदीच न्हाई चुकलं, म्हसू. वंगण लागतंय. पर हितंच आन् एवढंसंच. शूच्या तोंडाला थेंबबी न्हाई." म्हसू वाकून नीट बघत राहिला. मग नथूने मला बाहेरच्या उतारावर उभी करून हँडब्रेक ओढला. मी तसूभरही हलले नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातलं काही ओरडू लागलं तर त्याचं तोंड बंद करायची घाई करू नका, कुठं दुखतंय ते आधी बघा. आणि चूक आपलीच निघाली तर म्हसूसारखं सांगून टाका. त्याने सांगितलं म्हणून मी अजून रस्त्यावर आहे. तुकाबाई आजही चढावर माझ्या मागे उभी राहून पोती उतरवते, माझ्याकडे खुशाल पाठ करून.