एरंडेल दोनदा चोळले

मित्रांनो, पांझरेच्या काठी, देवपुरातल्या तालमीच्या कोपऱ्यात तडा गेलेला एक जुना मलखांब उभा आहे ना, तो मी. जन्माने मी सातपुड्याचा साग. सुताराने तासून मला गोल केले आणि १९१२ साली इथे पुरले.

अंगावर पुष्कळ जण चढले. पण माझा जीव जडला तो निंबा आणि जीवराम यांच्या जोडीवर. जीवराम मला मांड्यांनी घट्ट आवळी आणि त्याच्या खांद्यावर निंबा हात पसरून उभा राही. आधी जीवराम त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणे, "चढ, मी शे." मी आहे, एवढ्यावर गडी आभाळाला हात लावायला तयार! मला एरंडेल चोळायचे कामही जीवरामाचेच.

लोक टाळ्या वाजवत त्या वरच्याला. खालच्याकडे कोण बघतो? एकदा जीवरामाला राहवले नाही.

"बठ्ठा लोके तुनंच नाव लेतस. मी काय धोंडा शे?"

"मंग तू चढ ना वर!" निंबा बोलून गेला.

झाले! सख्ख्या भावांसारखे दोघे, पण बोलणे बंद. सराव तेवढा मुक्याने चाले.

नागपंचमीला तालमीचा खेळ होता. रुसलेला जीवराम काही तेल लावणार नाही, असे समजून सकाळी निंबानेच मला एरंडेल चोळले. घटकाभराने जीवराम आला. माझे अंग त्याच्या हाताला बुळबुळीत लागले. पण विचारावे तर आधी आपल्याला बोलावे लागणार! त्याने आपले नेहमीचे तेल चोळून टाकले. मला सारे ठाऊक होते, पण लाकडाला तोंड कुठले?

खेळ सुरू झाला. थाप नाही, शब्द नाही. निंबा वर उभा राहिला आणि जीवरामाच्या मांड्या सुटल्या. निंबा माझ्या पायाशी पडला. त्याची कंबर मोडली.

"तेल मी लायेल व्हतं रे," जीवराम रडत म्हणाला.

"मी बी," निंबा म्हणाला. तीन महिन्यांनी ते एकमेकांशी बोलत होते.

निंबा पुन्हा उभा राहिला नाही. दोन वर्षांनी तो गेला. जीवरामाचे केसही आता पिकलेत. दर नागपंचमीला तो येतो, मला तेल चोळतो, हात उचलतो आणि पुटपुटतो, "चढ, मी शे." कुणीच चढत नाही.

मित्रांनो, माझी निगा नाही राखलीत तरी चालेल. जोडीदाराशी भांडा, खुशाल रुसा. पण तेल लावलेस का, एवढे त्याला विचारत जा.