'परिश्रम' नावाचं पाकीट

ग्लासगोत पाऊस चुकवायला तुम्ही ज्या खांबाआड उभे राहता, तो बहुतेक 'कार्फ्रे अँड सन' या इमारतींचे आराखडे करणाऱ्या कंपनीचाच असतो. शहर फुगत गेलं, तसे यांचे खांब वाढत गेले. बँक असो, चर्च असो की सुताची वखार, पुढे सहा खांब ठोकले की झालं! आत जिना कुठून न्यायचा हे बघायला मी होतो. मी गॅव्हिन टलक, अठ्ठावीस वर्षं तिथं नकाशे काढले. खाली सही कार्फ्रेंची. कोपऱ्यात माझं नाव घाला म्हणून तीनदा विनवलं, तर थोरले कार्फ्रे खो खो हसले.

मग नव्या सभागृहासाठी स्पर्धा निघाली. नियम कडक. नकाशावर फक्त टोपणनाव, खरं नाव मोहोरबंद पाकिटात. परीक्षक थोरले कार्फ्रे आणि स्पर्धक त्यांचेच चिरंजीव लुडोविक! बापाला नाव दिसत नाही म्हटल्यावर कसला आलाय पक्षपात?

"टलक, तेवढा नकाशा काढून टाक," लुडोविक म्हणाला. "टोपणनाव 'परिश्रम' घाल. बाबांना सांगून ठेवलंय."

"पण काढायचं काय, धाकटे साहेब?"

"तेही तूच बघ ना रे! मी मासे धरायला चाललोय. पाकीटही तूच बंद कर."

चार महिने खपलो. एकही खांब घातला नाही. पाकिटातली चिठ्ठी लिहिताना नोकरी जाणार हे दिसत होतं. तरी लिहिलं, गॅव्हिन टलक.

निकालाच्या दिवशी थोरले कार्फ्रे नकाशापुढे गहिवरून उभे, मी मागे दाराशी. "वा! ही रेषा शिकून येत नाही, महापौरसाहेब. रक्तातच असावी लागते!"

महापौरांनी पाकीट फोडलं, नाव वाचलं. म्हाताऱ्याचा चेहरा खाडकन उतरला. बोलावं तर चोरी उघडी पडते, न बोलावं तर सभागृह जातं.

"ओळखता यांना?" महापौरांनी विचारलं.

"आमच्याकडे... नकाशे काढतो."

"कधीपासून?"

"अठ्ठावीस वर्षं."

"अरेच्चा! मग शहरातलं बाकीचं सगळं कोणी काढलंय?"

सगळी समिती माझ्याकडे वळून बघायला लागली. शेवटी म्हातारा उठला, चारचौघांत माझा हात हातात घेतला आणि कानाशी पुटपुटला, "हरामखोर!"

खरं सांगतो, त्या तोंडून इतकी मनापासून दाद मला कधीच मिळाली नव्हती.