डोलखुर्चीचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुनी डोलखुर्ची. मागदालेना नदीकाठच्या गावात आन्सेल्मो सुताराने मला घडवलं, वेताने विणलं. एदुविखेसबाईंच्या लग्नात मी या घरात आले. संध्याकाळी त्या मला दाराबाहेर काढून कॉफी घेत बसत. मुलंही त्यांनी माझ्यावरच निजवली. गल्लीत अशी खुर्ची नाही, असं त्या सांगत आणि मी फुगून जाई.

नवरा गेल्यावर त्या दुपारपासूनच बसू लागल्या. मला सुखच होतं. मग एक दिवस त्यांची पोटरी सुजली. बसून बसून पायात रक्ताची गुठळी झाली, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं, आधी थोडं, मग हळूहळू जास्त. चालताना पोटरी रक्त वर ढकलते, ते साकळत नाही, हृदयही दमदार होतं.

लेकीने कापडी बूट आणले. ते कालचे आलेले, आणि बाई माझ्यावरच बसून त्यांच्या नाड्या लाडाने बांधत! माझा तिळपापड होई.

पण आमच्याकडे दारावरून जाणाऱ्याला बसवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि नाही म्हणणं म्हणजे अपमान. बाई निघत आणि शेजारच्या ओतिलियाच्या खुर्चीत अंधार पडेपर्यंत अडकत. बूट कोरे करकरीत परत येत. मला आनंदाच्या उकळ्या फुटत, जरी त्या दुसऱ्या खुर्चीचाही राग येई.

पाय पुन्हा सुजला. डॉक्टरीणबाई चांगल्याच रागावल्या. बरं वाटल्यावर बाई पुन्हा निघाल्या, तर ओतिलियाची हाक आलीच.

"अगं, न बसता चाललीस? आमची खुर्ची टोचते का?"

"तू बसवलंस की मला नाही म्हणवत नाही, ओतिलिया. पण ही गुठळी फुप्फुसात गेली, तर तू चप्पल घालेपर्यंत मी गेलेली असेन. मला बसवू नकोस. तूच उठ."

ओतिलिया उठली. चप्पल घालून बाईंबरोबर चालू लागली. आता गल्लीतल्या पुष्कळ बायका संध्याकाळी चालायला जातात आणि आम्ही खुर्च्या दारोदार रिकाम्या बसतो. त्या बुटांचे तळ झिजलेले दिसले की अजून पोटात दुखतं.

मित्रांनो, आमची निगा राखा, वेत सुटला तर विणून घ्या, पण आमचं ऐकू नका. आम्ही म्हणू, आणखी थोडं बसा. तेव्हा उठा. बाई कायमच्या गेल्यावर रिकामी राहण्यापेक्षा, त्या परत येईपर्यंत रोज जळत बसणं मला चालेल.