अकरा ते दोन

नवऱ्याच्या छापखान्यात ओव्हरटाइम बंद झाला, त्याच आठवड्यात रीडिंगताईने घरखर्च आवळायला घेतला. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "यापेक्षा आमचा सुपरवायझर बरा. तो निदान आंघोळ तरी मोजत नाही."

रीडिंगताई हे नाव तिला सगळ्या भागाने दिलेलं होतं, कारण ती घरोघरी फिरून विजेचे मीटर वाचायची. चौदा वर्षं हेच काम. जिन्याखाली, गॅरेजच्या कोपऱ्यात, मोडक्या सायकलींच्या मागे, माणसं जिथे जिथे मीटर दडवतात तिथे तिथे ती वाकून बघून आलेली होती. कुणाकडे पाहुणे राहून गेले, कुणी नवा गीझर बसवला, कोण महिनाभर बाहेरगावी होतं, हे तिला आकडे सांगायचे. तोंडाने सांगायची कुणाला गरज नव्हती. याचा तिला थोडा तोरा होता. थोडा म्हणजे, खरं बोलायचं तर, चांगलाच होता.

तेव्हा काटकसर म्हटल्यावर ती कुठून सुरुवात करणार हे उघड होतं. फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालं होतं, ते गरम पाण्याने शेकून पुन्हा घट्ट बसवलं. इस्त्री आठवड्यातून एकदा, सगळे कपडे एकदम. टीव्ही, ओव्हन, चार्जर, जिथे लाल दिवा दिसेल तिथे बटण भिंतीतूनच बंद. गीझर दहा मिनिटं, त्यात काय ती आंघोळ उरका. एकदा नवऱ्याच्या डोक्याला साबण असतानाच बाहेरून आवाज आला, की वेळ संपली. त्याने आतून जे उत्तर दिलं ते पाण्याच्या आवाजात विरलं, हे दोघांच्याही दृष्टीने बरंच झालं.

एका यंत्राला मात्र कुणी हात लावायचा नाही, असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ते म्हणजे सासूबाईंचं ऑक्सिजनचं मशीन.

सासूबाईंनी तीस वर्षं सूतगिरणीत काढली होती. गिरणी बंद पडली, पण तिथला कापसाचा बारीक तंतू त्यांच्या छातीत बसला तो बसलाच. आता खिडकीजवळ गुडघ्याइतक्या उंचीचा चाकांचा डबा दिवसरात्र घरघरत असायचा आणि लांब नळीतून त्यांच्या नाकाशी हवा पोचवायचा. नळी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पुरायची, तेवढंच त्यांचं राज्य. डॉक्टरांनी सांगितलं होतं की झोपेतसुद्धा नळी काढायची नाही, सुटी फक्त आंघोळीपुरती, फार तर तासभर.

"घरात सगळ्यात जास्त युनिट हेच खातं," यादी करताना रीडिंगताई हसत म्हणाली होती, "पण त्याला काही बोलायचं नाही हं. ते घरातलं मोठं माणूस आहे."

नवरा हसला. सासूबाईही हसल्या.

या सासूबाईंवर तिचा जीव का होता, तेही सांगायला हवं. चौदा वर्षांपूर्वी ही नोकरी लागली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. सुनेने दारोदार फिरायचं म्हणजे काय! सासूबाई कुणाशी वाद घालत बसल्या नाहीत. गिरणीतून आठवड्याची रजा काढली, हातात काठी घेतली आणि सुनेबरोबर चालायला लागल्या. ही मीटर वाचणार, त्या कुत्री हाकलणार. सातव्या दिवशी काठी तिच्या हातात देऊन म्हणाल्या, "आता तू एकटी पुरे आहेस त्यांना." कुत्र्यांना की नातेवाइकांना, ते त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही. त्या आठवड्याचं ऋण रीडिंगताईने कायम मनात ठेवलं होतं.

खर्च आवळून आठवडा होतो न होतो तोच कार्यालयात वेळापत्रक आलं. दीड महिन्याने भारनियमन सुरू होणार होतं. उन्हाळाभर, रविवार सोडून रोज, सकाळी अकरा ते दुपारी दोन वीज बंद. रीडिंगताईला ही बातमी इतरांच्या आधी कळली आणि तिने लगेच तयारी आरंभली. चार्जिंगचे दिवे आणले. अकराच्या आत पाणी भरायचं ठरलं. राहिला प्रश्न मशीनचा. घरात एक छोटा सिलिंडर होता, पण तो अडीअडचणीचा, रोज तीन तास कुठून पुरणार? इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी घेण्याला पर्याय नव्हता. किंमत ऐकून नवऱ्याने आवंढा गिळला आणि म्हणाला, "घेऊ. माझी गाडी पुढच्या वर्षी दुरुस्त करू. चालत गेलो तर बिघडत नाही, पोट तरी कमी होईल."

सासूबाई तेव्हा वाटाणे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या महिन्याचं रीडिंग रीडिंगताईने स्वतः घेतलं. तिच्या हिशेबाने पंचेचाळीस युनिट वाचायला हवे होते. वाचले बहात्तर! तिने दोनदा पाहिलं. मग अंगावर मूठभर मांस चढलं. फ्रिजच्या रबराला तिने मनातल्या मनात शाबासकी दिली. एरवी दुसऱ्याच्या घरी सत्तावीस युनिटांचा फरक दिसला असता तर तिने दहा प्रश्न विचारले असते. पण इथे फरक आपल्या हुशारीच्या बाजूने पडला होता, आणि अशा फरकाला कोण प्रश्न विचारतं?

तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनाही तिने तो आकडा ऐकवला. शिलाई मशीनवरून मान न काढता ते म्हणाले, "छान झालं. पण वहिनी माझ्यावर रागावल्यात का गं?"

"आई? नाही हो. का?"

"दुपारी पेपर वाचून झाला की मी जिन्यातून हाक मारतो. पूर्वी वरून अख्खा पेपर उलट मला ऐकवायच्या. हल्ली ओ देत नाहीत. रविवारी मात्र बोलतात."

"झोपत असतील," ती म्हणाली आणि बहात्तरच्या आनंदात वर गेली.

भारनियमनाला चार दिवस उरले तेव्हा बॅटरीवाल्याने फोन करून विचारलं, "तुमचं मशीन नेमकं किती वॅटचं?" संध्याकाळची वेळ होती. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. रीडिंगताई मशीनच्या मागे उकिडवी बसली, पाटीवरची धूळ पुसली आणि वॅटचा आकडा त्याला सांगितला. पाटीच्या खाली एक छोटी खिडकी होती आणि तिच्यात आकडे होते. यंत्र आजवर किती तास चाललं, ते सांगणारे. शेजारी मेकॅनिकने चिकटवलेली चिठ्ठी होती. मागे हवा गाळायची जाळी बदलली तेव्हाची तारीख आणि तेव्हाचं रीडिंग.

समोर आकडा आला की वाचायचा, ही तिची चौदा वर्षांची खोड. तिने वजाबाकी केली. जाळी बदलून चाळीस दिवस झाले होते. रोजचे तेवीस तास धरले तर नऊशे वीस व्हायला हवेत. झाले होते आठशे अठरा. एकशे दोन तास कमी.

यंत्रच बिघडलं असेल, असं तिला आधी वाटलं. मग तिने चाळिसातून रविवार काढले. सहा. उरले चौतीस दिवस. एकशे दोन भागिले चौतीस.

तीन. बरोब्बर तीन.

फोन धरलेला हात तिने कानावरून खाली घेतला. फोनवर बॅटरीवाला "हॅलो, हॅलो" करत राहिला.

त्या संध्याकाळी तिने ती वजाबाकी पुन्हा तीनदा करून पाहिली. आकडा चूक निघावा असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी कामावर गेली, एक गल्ली संपवली आणि बाराच्या सुमाराला घरी परतली. जिन्यात घरघर ऐकू आली नाही. तिने किल्लीने दार उघडलं.

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर. नळी नीट गुंडाळून खिळ्याला अडकवलेली. मशीन बंद, आणि त्याचं भिंतीतलं बटणही बंद. ओठ निळसर दिसत होते. दार वाजलं तरी त्यांनी मान वळवली नाही, नुसते डोळे वळवले.

रीडिंगताईने खांद्यावरची पिशवी टाकली. बटण, मशीन, नळी. नळी नाकाशी बसवली. मग तिथेच जमिनीवर बसून सासूबाईंचे गार हात चोळत राहिली. पाचेक मिनिटांनी ओठांवर रंग आला.

"आई, हे काय चाललंय?"

"सवय करत होते गं," सासूबाई हळूहळू म्हणाल्या. "लाईट जाणारच आहे ना अकरा ते दोन. म्हटलं, आधीपासून जमवलं तर बॅटरी घ्यायला नको. शिवाय आत्ताही तेवढे युनिट वाचतात."

"जमवलं म्हणजे काय?"

"हलायचं नाही. बोलायचं नाही. मग पुरतो दम. पहिल्या दिवशी घाबरले होते, पण आता जमतं." आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर नवीन विणकाम जमल्यावर येतं तसं समाधान होतं.

रीडिंगताईला रडू फुटलं. संतापही आला, आणि त्यातला निम्मा स्वतःवर. घरात सगळ्यात जास्त युनिट हेच खातं, असं हसत कोण म्हणालं होतं? बहात्तर बहात्तर करत कोण नाचलं होतं? सगळ्या भागाचे मीटर वाचणारीला घरातलं माणूस वाचता आलं नव्हतं.

"मला विचारायचं तरी होतं!" ती ओरडली. "काही झालं असतं म्हणजे? तीन तास, आई! रोज!"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"म्हणून नाही विचारलं." सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुम्ही दोघं केवढे राबता. तो गाडी दुरुस्त करत नाही, तू दोन वर्षं त्याच चपला शिवून घालतेस. मी काय देणार? पगार नाही, हातपाय चालत नाहीत. हवा तेवढी होती माझ्याकडे. ती दिली."

ती त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकवून बसली. मग म्हणाली, "आई, मी कामावरून येते ना, तेव्हा खालच्या पायरीवर थांबते. वरून घरघर ऐकू आली की माझा जीव भांड्यात पडतो. मगच वर येते. रोज. आज ती आली नाही. मला तुमच्याकडून काही नको. तुम्ही आहात ना, त्यावर माझं चाललंय."

सासूबाईंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "बरं. पण चपला मात्र नवीन घे."

संध्याकाळी छोटा सिलिंडर बरोबर घेऊन त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तिघांनाही उभं करून झाडलं आणि शेवटी म्हणाले, की नशीब थोर, कायमचं नुकसान दिसत नाही. नवरा बाहेर येऊन बाकावर बसला. त्याला एकही विनोद सुचला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आणि बॅटरीवाल्याने मिळून बॅटरी दोन मजले चढवली. शिंपीकाका मागून "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते, आणि तेवढी मदत केल्याबद्दल त्यांनी चहाही घेतला. तो चहा रीडिंगताईने दोन चमचे साखर जास्त घालून दिला. त्यांचं बोलणं तेव्हा कानामागे टाकलं होतं, त्याची भरपाई.

भारनियमनाच्या पहिल्या दिवशी तिने रजा काढली. सगळं तीनदा तपासलं होतं, तरी काळजी ती काळजीच. सासूबाई खुर्चीत होत्या आणि भाजी निवडत गिरणीतली गोष्ट सांगत होत्या. तिथल्या एका गलेलठ्ठ फोरमनला बायकांनी सुताच्या गाठोड्यांमागे कसं कोंडलं होतं, त्याची.

"तर तो आतून हाका मारतोय," त्या म्हणाल्या, "आणि आम्ही बाहेर..."

अकरा वाजले. पंखा थांबला. फ्रिज थांबला. इन्व्हर्टर 'टक्' करून सुरू झाला आणि मशीनची घरघर न थांबता चालू राहिली.

रीडिंगताईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि वळून पाहिलं. सासूबाईंनी भाजी खाली ठेवली होती. दोन्ही हात मांडीवर, मान ताठ, नजर खिडकीबाहेर. वाक्य अर्ध्यावर सोडून त्या गप्प झाल्या होत्या. नाकात नळी होती, नळीतून हवा येत होती, आणि तरी त्या हलत नव्हत्या.

"आई?"

त्यांनी डोळे तेवढे वळवले.

रीडिंगताई त्यांच्यापाशी खाली बसली. मांडीवरचा हात उचलला आणि मशीनच्या झाकणावर ठेवला. झाकण थरथरत होतं. तिने आपला हात त्यांच्या हातावर दाबून धरला.

"चालू आहे, आई. हवा येतेय. हला ना. बोला."

सासूबाईंनी झाकणाकडे पाहिलं. मग एक श्वास घेतला, सावकाश, भीत भीत. मग दुसरा. तो मोठा होता. खांदे खाली आले.

"हो की," त्या म्हणाल्या. "येतेय." आणि भाजीची काडी उचलली.

"कुठे होते मी? हां, तर तो आतून हाका मारतोय..."

ही गोष्ट रीडिंगताईने निदान वीस वेळा ऐकलेली होती. कोण काय म्हणालं आणि फोरमन शेवटी कसा बाहेर आला, सगळं तिला पाठ होतं. तिने मनोमन हात जोडले, जमिनीवरच मांडी ठोकली आणि विचारलं, "मग? पुढे काय झालं?"