हेड खाली सरकतंय

वीज गेली की मिलिंग मशीनचं जड हेड जागच्या जागी धरून ठेवायला आत एक ब्रेक असतो. तो पकडतो तेव्हा 'खट्' असा आवाज येतो, दाराला कडी लागल्यासारखा. वाळूजच्या शेडांमधून मशिनी दुरुस्त करत अर्धं आयुष्य काढलेल्या त्रिंबकच्या कानाला तो आवाज इतका सवयीचा होता, की एरवी त्याचं लक्षही जात नसे. त्या दिवशी लक्ष गेलं, कारण आवाज आलाच नाही.

तो काकासाहेबांच्या शेडमध्ये लेथच्या कामाला आला होता. लेथचा पट्टा सैल पडून जॉबवर, म्हणजे कातायच्या लोखंडावर, बारीक लाटा उठत होत्या. पट्टा ताणून तो हात पुसत होता, तेवढ्यात लाईट गेली. पंखे मंदावले, कूलंटच्या पाण्याची धार तुटली, आणि पलीकडच्या सीएनसी मिलिंग मशीनच्या पोटातून काहीतरी घासत गेल्यासारखा दबका आवाज आला. मग सगळं गप्प.

"आशाबाई, हे असं कधीपासून होतंय?" त्यानं विचारलं.

आशाबाई त्या मशीनवर ऑपरेटर होती. पुंडलिकनगरहून रोज स्कूटीवर यायची. "लई दिवस झाले, भाऊ. लाईट जाऊन आली की कटर जॉबमध्ये रुतलेला दिसतो. साहेब म्हणतात, तुझंच सेटिंग चुकतंय."

लाईट आल्यावर त्रिंबकनं केसभर हालचालही दाखवणारी डायल हेडखाली लावली आणि इमर्जन्सीचं लाल बटण दाबलं. डायलचा काटा थरथरला आणि थांबायच्या ऐवजी फिरत राहिला. घाई नाही, गडबड नाही. कुणी दबक्या पावलांनी जिना उतरावा तसा. त्यानं मशीन पुन्हा चालू करून पुन्हा बटण दाबलं. या खेपेला काटा आणखी पुढं गेला. तिसऱ्यांदा बटण दाबायची त्याची छाती झाली नाही.

रेड्याएवढ्या वजनाचं ते लोखंड झिजलेल्या ब्रेकच्या भरवशावर लोंबकळत होतं, आणि त्याच्याखाली आशाबाई दिवसभर दोन्ही हात घालून जॉब काढत होती, लावत होती.

काकासाहेब मूळचे बिडकीनचे. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, तेव्हा भाऊबंदांनी गाड्या घेतल्या; यांनी या दोन मशिनी घेतल्या. माणूस कष्टाळू, जिभेनं गोड, पण हातानं घायकुता. चालत्या मशीनला थांबवायचं तर रीतीनं थांबवायचं सोडून इमर्जन्सीवर थाप मारायची त्यांची खोड होती. प्रत्येक थापेला ब्रेक चालत्या हेडला पकडून झिजत गेला होता.

"काकासाहेब, मशीन बंद ठेवा," त्रिंबक म्हणाला. "ब्रेक मोटरच्या पोटात असतो. मोटरच बदलावी लागंल. पुण्याहून येईस्तोवर कुणाचा हात खाली जाता कामा नाय."

काकासाहेब हसले. "अरे, परवा माल पाठवायचाय. आजवर पडलं का हेड?"

"पडलं नाय. सरकतंय."

त्या शब्दानं काकासाहेबांचं हसू जरा उतरलं. शेवटी दोघांत तडजोड झाली. त्रिंबकनं बाभळीच्या ओंडक्याचा हेडच्या उंचीला बसेल असा ठोकळा कापून आणला. जॉब बदलायच्या आधी तो टेबलावर उभा करायचा, हेडला टेकवायचा, मगच हात आत. आशाबाईनं त्याच्यासमोर चारदा करून दाखवलं. काकासाहेबांनीही मान डोलावली.

तरी त्रिंबकला चैन पडेना. घरी जेवताना गावातली लाईट गेली की त्याचा घास हातातच राही. बानाबाईनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "कशाची वाट बघताय?" लहानपणी बापासोबत मेंढरं घेऊन हिंडताना, झाडीत काहीच दिसत नसायचं आणि तरी कुत्री गुरगुरायला लागायची, तसं त्याला झालं होतं.

मोटर आली त्या दिवशी दुपारपासूनच आभाळ भरून आलं होतं. वारा सुटला, रस्त्यावरची धूळ शेडांच्या पत्र्यांवर आपटायला लागली. मोटरचं खोकं मोटारसायकलला बांधून त्रिंबक पोचला, तर आशाबाईची स्कूटी दारात नव्हती. चुलत बहिणीच्या लग्नाला ती सोयगावला गेली होती. आतून मशीनचा आवाज येत होता.

तो दारातच थबकला. बाभळीचा ठोकळा भिंतीशी उभा होता आणि त्याच्यावर चहाचे दोन उष्टे ग्लास ठेवले होते.

मशीन नुकतंच थांबलं होतं. काकासाहेब मशीनचं दार सरकवून आत वाकले होते, खांद्यापर्यंत. जॉब पकडणाऱ्या व्हाइसमध्ये अडकलेला लोखंडाचा कीस ब्रशनं काढत होते. त्यांची मान बरोबर हेडच्या खाली होती.

वरचा दिवा लुकलुकला. एकदा. मग पुन्हा.

त्रिंबकच्या तोंडाशी हाक आली होती, पण ती त्यानं गिळली. हाक मारली तर माणूस दचकून मान वर करतो. त्यानं ठोकळा उचलला. ग्लास खाली पडून फुटले. ठोकळा नीट धरायला वेळ नव्हता. वरच्या टोकालाच पकडून तो त्यानं काकासाहेबांच्या बाजूनं आत रेटला, आणि शेडमध्ये अंधारलं.

तोच घासल्याचा दबका आवाज आला. मग एक बोथट ठोका, आणि त्यात मिसळलेला दुसरा, ओला आवाज.

काकासाहेब ओरडत बाहेर आले. त्यांच्या मानेला ओरखडाही नव्हता. ठोकळ्यानं हेड धरलं होतं. ठोकळा आणि हेड यांच्यामध्ये त्रिंबकचा उजवा हात होता.

पहिल्यांदा त्याला दुखलंच नाही. आपला हात मनगटाच्या पुढं दिसत नाही एवढंच त्याला कळलं. मग कळ आली, आणि तिच्याबरोबर घाम.

"थांब, थांब रे," काकासाहेब बटणांच्या पॅनलकडं धावले. "लाईट येऊ दे, बटण दाबून वर घेतो!"

"नाय!" त्रिंबकचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "बटणाला हात लावू नका. चालू होताना ब्रेक सुटतो. मोटर धरेपर्यंत हेड अजून खाली बसंल. आधी मेन पाडा."

"काय?"

"मेन स्विच! मागं. लाल दांडा. खाली ओढा."

काकासाहेबांच्या हातून दांडा दोनदा निसटला. दांडा खाली आला, त्याच क्षणी बाहेर समोरच्या शेडमधले दिवे लागले. लाईट परत आली होती. दोघांनीही ते पाहिलं.

"आता तुमच्या गाडीतला जॅक आणा," त्रिंबक म्हणाला. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. आपण बेशुद्ध पडलो तर या माणसाला पुढचं काही सुचणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. म्हणून तो बोलत राहिला. "टेबलावर ठेवा. व्हाइसच्या शेजारी. हेडच्या बिडाखाली घ्या, कटर धरणाऱ्या स्पिंडलखाली नाय. व्हय, तिथं. फिरवा."

"उचलंल का रे?"

"ब्रेक धरत नाय, म्हणूनच उचलंल. फिरवा."

लोखंड कुरकुरलं. केसभर, मग आणखी केसभर. त्रिंबकनं हात बाहेर ओढला आणि त्याच्याकडं न बघता शर्टात गुंडाळला.

दवाखान्यात करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला तेव्हा उशाशी बानाबाई होती आणि पायाशी काकासाहेब, कालच्याच कपड्यांत.

"मशीन बंद आहे ना?" त्रिंबकनं विचारलं.

"आप्पासाहेब आलेत शेडवर," काकासाहेब म्हणाले. आप्पासाहेब म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. "माल अडकलाय. सकाळपासून चालू करतो म्हणाले. मी... मी त्यांना काही बोललो नाही."

"चालवतंय कोण?"

उत्तर यायच्या आधीच त्रिंबकला ते कळलं. आशाबाई आज सोयगावहून परतणार होती. त्यानं डाव्या हातानं फोन मागितला. बानाबाईनं नंबर लावून कानाशी धरला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. आप्पासाहेबांचा फोनही कुणी उचलेना.

"जा," बानाबाई काकासाहेबांना म्हणाली. आजवर तिनं त्यांच्यासमोर मान वर केली नव्हती. "बसलात काय असं? जा!"

काकासाहेब चपला न घालताच पळाले.

दुपार कशी गेली ते त्रिंबकला आठवत नाही. सलाईन बदललं, शेजारच्या खाटेवरचा पेशंट घरी गेला. कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली की बानाबाई उठून दारापर्यंत जायची आणि परत यायची.

उन्हं उतरता उतरता आशाबाई दारात उभी राहिली. त्रिंबकनं आधी तिचे हात बघितले. दोन्ही धड होते. मागं भिंतीला टेकून काकासाहेब उभे होते.

"फोन लॉकरात राहिला होता, भाऊ," ती म्हणाली. "मी आले तर आप्पासाहेब म्हणले, टेबल धुतलंय, बसा कामाला. मी इचारलं, धुतलं कशापायी? सांगेनात. मग टेबलाच्या खाचेत बघितलं, तर रगत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी मेन पाडला. माझ्या लॉकरचं कुलूप काढून त्याला लावलं. लई वरडले माझ्यावर. म्हणलं, तुमी घाला हात, मग मी घालते."

"मग?"

"नाय घातला."

तिनं कुलपाची किल्ली त्याच्या डाव्या हातात ठेवली.

अपघाताच्या चौकशीला सरकारी साहेब आले तेव्हा आप्पासाहेबांचं म्हणणं होतं, कारागिराचीच चूक. काकासाहेबांनी भावासमोर सांगितलं, "ठोकळा मी काढून ठेवला होता." तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नाही.

पुढं हाताला बांधलेलं फडकं घेऊनच त्रिंबक शेडवर गेला. स्टुलावर बसून तो सांगत गेला, आणि जॅकवर तोललेल्या हेडची मोटर काकासाहेबांनी बदलली. त्यानं डायल लावून तपासलं, काटा हलला नाही. तरी आशाबाई मशीनजवळ जाईना. पहिला जॉब काकासाहेबांनी स्वतः लावला. हात आत घालताना त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.