हेमलताच्या पेटीचं कुलूप

आज हसा खुशाल. त्या दुपारी मात्र मी रडत होतो, आणि नर्मदेकाठच्या चेरीतालची आमची अख्खी गल्ली नाड्या सोडून, एका हातानं पायजमा धरून उभी होती.

आमची हेमलता तिकडे नॉर्वेत तीस तास कळा देत होती. पहिलटकरीण. जवळ फक्त जावई रत्नाकर. तिच्या आईचा, इंदूचा, व्हिसा आलाच नव्हता. रत्नाकरचा फोन आला, "बाबा, ही अडली. बाळाचे ठोके मंदावून राहिले…"

इंदूनं आपला अंबाडा सोडला. "बाई अडली की घरातल्या गाठी सोडाव्या, कुलपं उघडावी. बसले काहून? उठा!"

तोफांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढलेला मी, एरवी हसलो असतो. पण उठलो. कपाटं उघडली, पुड्यांचे दोरे सोडले. शेजारचे चिंतामणी धावत आले. "भाऊरावजी, मेरी सायकल का ताला भी खोल दूँ?"

"खोलो भैया, सब खोलो!"

गल्लीनं सगळं खोललं. अनसूयाबाईच्या शेळ्या दावी सुटताच थेट कुंडमच्या जंगलात गेल्या, आणि त्यांना पाहून वाघ झाडावर चढला म्हणतात. म्हणतात म्हणजे, मीच म्हणतो.

फोन मुका. इंदू म्हणाली, "पोरीची पेटी राहिली."

पाच वर्षांपूर्वी जाऊ नको म्हटलं तरी पोरगी गेली, तेव्हा रागाच्या भरात तिच्या लोखंडी पेटीला मी तिचंच कुलूप घातलं होतं.

"किल्ली कुठंय?"

"नर्मदेत. ग्वारीघाटावरून फेकली."

इंदूनं पेटी ओढून माझ्यासमोर ठेवली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"हातोडा आणतो," मी म्हणालो.

"तोडायचं नाही, उघडायचं! इथं तोडलं अन् तिकडं काही तुटलं तर?"

मग तिच्याच केसांतला आकडा घेतला आणि कानस घेऊन तो किल्लीसारखा घासत बसलो. केसभर फरक बोटानं ओळखणारा हा हात, तरी आकडा मोडला. दुसरा घेतला. तोही मोडला. तिसऱ्या वेळी कुलपाला तोंड लावून म्हणालो, "बेटा, जा म्हटलं नव्हतं मी. आता म्हणतो. जिथं आहेस तिथं राहा, फक्त राहा."

खट्.

पेटीत सर्वांत वर काय, तर त्याच कुलपाची दुसरी किल्ली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून फोनचा आवाज आला. कानशीच्या खरखरीत आधीचे चार फोन ऐकूच आले नव्हते. धावत जाऊन उचलला.

"बाबा, मुलगी! दोघी बऱ्या आहेत."

इंदू दारातच खाली बसली. "वेळ विचारा, पत्रिकेला लागते."

रत्नाकरनं तिकडची वेळ सांगितली. भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मनात हिशेब केला. कुलूप उघडायच्या वीस मिनिटं आधीच नात जन्मली होती.

इंदूच्या हातात अजून ते उघडं कुलूप होतं, देवाचं असावं तसं धरलेलं. मी तिला वीस मिनिटं पुढची वेळ सांगितली.

या सगळ्या गोष्टीत खोटं काय ते तेवढंच.