कूलरपुढची गाऱ्हाणी

भावनाला जेवणानंतर बडीशेप नसली तरी चालायचं, पण गाऱ्हाणं लागायचंच. ते कुणाच्या तरी कानात ओतल्याशिवाय तिचा वरणभात खाली उतरत नसे. सुदैवानं कान घरचाच होता. थोरली बहीण रोशनी नागपुरातच, नंदनवन भागात राहायची. तिलाही दुपारी झोप यायची नाही, आणि दुसऱ्याच्या सासूच्या गोष्टी ऐकण्यासारखी फुकटची करमणूक तिला ठाऊक नव्हती.

गाऱ्हाणी काही मोठी नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. भावनाच्या सासूनं, जयवंताबाईनं, तिला कधी उपाशी ठेवलं नाही की तिच्या माहेरच्यांचा उद्धार केला नाही. तसं काही असतं तर भावना सरळ भांडून मोकळी झाली असती. पण घासलेली भांडी पुन्हा नळाखाली धरणाऱ्या सासूशी भांडायचं तरी कसं? कुकरची दुसरी शिट्टी झाली की म्हातारी कुठूनही येऊन गॅस बंद करायची आणि डाळ कच्ची राहायची. चहा बशीत ओतून असा फुर्रकन ओढायची की भावनाच्या अंगावर काटा यायचा. आणि बोलणं! सकाळी डोळा उघडल्यापासून टकळी सुरू. चपलेत खडा गेला म्हणून पाय तुटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही, तशातली गत.

एक मात्र होतं. यातला एक शब्दही भावना सासूच्या तोंडावर कधी बोलली नव्हती. हुडकेश्वरच्या त्या गल्लीत तिचं नाव होतं. बुद्धपौर्णिमेला सासू-सून जोडीनं विहारात जात, खिरीचं पातेलं दोन बाजूंनी दोघी उचलत, आणि बायका म्हणत, "जयवंताबाई, नशीब काढलं तुम्ही. सून नाही, पोरगी भेटली." भावना मान खाली घालायची आणि आतल्या आत फुलायची. हे नाव तिला शाळेतल्या नोकरीपेक्षा प्यारं होतं. आणि ते खोटं आहे असं तिला कधीच वाटलं नाही. म्हातारीला आपण दुखवलं नाही, जे काय ओकायचं ते कूलरपुढं ओकतो, घरात त्याचा शिंतोडाही उडू देत नाही, अशी तिची मनोमन खात्री होती.

होळी झाली की शाळा सकाळची व्हायची. ऊन चढायच्या आत भावना घरी. जेवणं उरकली की जयवंताबाई पुढच्या खोलीत दिवाणावर पंख्याखाली आडवी होई, कारण कूलरच्या हवेनं तिची हाडं दुखत. भावना मागच्या खोलीचं दार लावून घेई, कूलर फुल्लवर करी आणि फोन लावी. खिडकीला बाहेरून टेकवलेलं ते लोखंडी धूड सुरू झालं की खोलीची पिठाची गिरणी व्हायची. पुढच्या खोलीतलं काही म्हणजे काही आत ऐकू येत नसे. मग आतलं तरी बाहेर कसं जाणार, असा गणिताच्या बाईंचा हिशोब होता.

"ताई, आज पुन्हा! म्या भांडे घासून पालथे घातले, आन् हे बाई पुन्हा धुवून राहिली. म्हणजे माहे हात काय घाण आहेत का वं?"

"म्हातारे लोक असेच राहते," रोशनी म्हणायची. "माह्यावाली त फ्रीजमधल्या एकेका डब्याचा वास घेत फिरते. तुह्यावाली बरी."

"बरी? एक दिवस ये अन् पाहून जाय!"

असं अर्धा-पाऊण तास चाललं की भावनाचं डोकं हलकं व्हायचं. संध्याकाळी ती सासूला हसून चहा द्यायची. यात फसवणूक कसली? कुकरला शिट्टी असते ती उगीच का?

पुढं भांड्यांचा विषय मागं पडला. जयवंताबाई घासलेल्या भांड्यांना हात लावेनाशी झाली. भावनाच्या ते ध्यानातही आलं नाही. दुखायचं थांबलं की कुठं दुखत होतं तेही माणूस विसरतो. तिनं गाऱ्हाण्यासाठी कुकर धरला. काही दिवसांनी कुकरही सुटला, तेव्हा बशी धरली. मग म्हातारी कपातून चहा पिऊ लागली, ओठ भाजून घेत, आवाज न करता. भावनानं तिची टकळी धरली.

"किती बोलते वं ताई, किती बोलते! कान किटले माहे. एक दिवस चूप राहिली त काय जीभ झडन तिची?"

वैशाख लागेपर्यंत घर इतकं शांत झालं, की एका सकाळी डबा घेताना भावनाच्या नवऱ्यानं, प्रेमानंदनं, तिला विचारलं, "आई काहून चूप राहते आजकाल?"

"मले काय मालूम? तुमची आई आहे, तुम्हीच विचारा," भावना म्हणाली. आणि दुपारी फोनवर, "आता त बोलतच नाही वं! विचारलं त नुसतं हो, नाही त नाही. तोंड फुगवून बसली राहते. मी काय केलं म्हणून?"

"नाटकं वं, नाटकं," रोशनीनं निकाल दिला.

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. रस्त्यावर कुत्रंही दिसेना. त्या दिवशी जेवताना जयवंताबाई भावनाच्या शेजारी बसली होती. दोघींच्या पानात आंब्याचा रस होता, कुणी बोलत नव्हतं, आणि त्या शांततेत भावनाला सासूचा श्वास ऐकू आला. मोठा, घरघर करणारा. आत जाताना एक आवाज, बाहेर येताना दुसरा. एकदा ऐकू आला तो आला. मग तिला दुसरं काही ऐकूच येईना. तिनं रस अर्धा टाकून दिला, हात धुतले, मागच्या खोलीचं दार लावलं आणि कूलरचं बटण फिरवलं.

"ताई, बाकी सारं सोड आता. तिचा श्वास! बाजूले बसली की घूं-घूं, घूं-घूं. घास नाही उतरत वं मले! श्वास त सारेच घेते, पण एवढ्या मोठ्यानं? हसू नको, खरं सांगून राहिली मी. मले त असं वाटते, हे बाई श्वास घेणंच बंद करेल त बरं होईल एखाद्यावेळी!"

'बंद करेल' म्हणेपर्यंत लाईट होती. 'बरं होईल' म्हणताना ती गेली.

पंख्याची पाती सुस्कारत थांबली. वाळ्याच्या ताट्यांवरून गळणारं पाणी टपटप वाजलं आणि तेही थांबलं. भावनाचं शेवटचं वाक्य मात्र त्याच वरच्या पट्टीत सुटलं होतं. ते खोलीभर झालं, खिडकीतून बाहेर गेलं, आणि आपण इतका वेळ किती जोरात ओरडत होतो हे तिला पहिल्यांदा कळलं. कूलरपुढं बसलेला माणूस बोलत नाही, बोंबलतो. अख्ख्या नागपूरला ही खोड आहे, आणि ज्याची त्याला कधी कळत नाही.

"हॅलो? लाईट गेली काय?" रोशनी विचारत होती.

तेवढ्यात ताटीच्या पलीकडून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून, टाकीत पाणी ओतल्याचा आवाज आला. बादलीची कडी पडली. आणि मग श्वास ऐकू आला. मोठा, घरघर करणारा.

भावनानं फोन कापला. उठावं की बसून राहावं, तिला कळेना. शेवटी ती मागचं दार उघडून अनवाणीच बाहेर धावली.

जयवंताबाई कूलरला एका हाताचा आधार देऊन उभी होती. पदर डोक्यावरून ओढलेला, चेहरा तांब्यासारखा झालेला, पायाशी रिकामी बादली.

"आई... तुम्ही झोपल्या नाही?"

"टाकी कोरडी झाली होती," जयवंताबाई म्हणाली. तिला मध्ये थांबून दम घ्यावा लागला. "कोरडी चालली की मोटर जळते."

प्रेमानंद सकाळी टाकी भरून कामावर जायचा. ते पाणी नवतप्यात दुपारपर्यंत पुरत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. तरी रोज संध्याकाळपर्यंत गार हवा कशी येते, हा प्रश्न भावनाला कधी पडलाच नव्हता.

"रोज तुम्हीच भरून राहिल्या?"

"मंग कोण? दुपारी पाईपले धार नसते. मोरीतून बकेटा आणा लागते."

"म्हणजे तुम्ही... रोज ऐकलं?"

"कूलर लागला तवापासून."

भावनाला लाज वाटायला हवी होती, पण आधी आला तो संताप. चोर सापडला की तोच आधी ओरडतो. "तुम्ही चोरून ऐकत होत्या माह्यं बोलणं? असं कोणी करते का आई?"

"चोरून?" जयवंताबाईनं तिच्याकडं बघितलं. "पहिल्या दिवशी म्या बकेट आपटली, खोकलली बी. तुलेच ऐकू नाही आलं. अन् कान लावाचं काय काम वं? तू त अशी बोलते जशी सावनेरच्या बाजारात मिरच्या विकून राहिली."

भावनाचा संताप तिथंच बसला. आता तिला एकेक आठवायला लागलं, आणि जे आठवलं त्यानं ती जास्तच हबकली. परवाच बुद्धपौर्णिमेला विहारात बायकांनी तिचं कौतुक केलं होतं, आणि ही म्हातारी शेजारी उभी राहून मान डोलवत होती. सगळं ऐकून, सगळं ठाऊक असून.

"प्रेमानंदले सांगितलं का?" तिनं हळूच विचारलं.

"त्याले कायले सांगू? अन् मी काही मोठी देव नाही. सावनेरले वहिनीजवळ मी बी तुह्या गोष्टी सांगते. पोळ्या कच्च्या ठेवते म्हणून सांगितलं. कपड्याले नीळ जास्त देते म्हणून सांगितलं. बोलल्याशिवाय माणसाले जमते काय?" ती पुन्हा दम घ्यायला थांबली. "पहिल्यानं मले राग आला. दोन घास कमी जेवली मी. मंग वाटलं, बरंच झालं. तोंडावर त तू काही सांगत नाही, इथून त समजते. भांडे नाही पटत, त सोडले. कुकर सोडला. बशी सोडली, तोंड भाजलं, पण सोडली."

आपलं नशीब चांगलं म्हणून एकेक कटकट आपोआप मिटत गेली, असं भावनानं धरलं होतं. मिटली कुठली? कुणीतरी उन्हात उभं राहून ती ऐकली होती आणि मुकाट्यानं पाळली होती. आणि एक पाळून होईपर्यंत आपण दुसरी काढत होतो. पायाखालची फरशी तव्यासारखी तापली होती. तळवे पोळत होते, तरी तिला हलता येईना.

"मंग तू म्हणली, किती बोलते," जयवंताबाई सांगत होती. "त बोलणं सोडलं. मंग म्हणली, तोंड फुगवून बसते. तवा मले समजलं नाही, बोलू का नको बोलू. तुले विचारावं वाटलं, पण विचारलं असतं त तू ओशाळली असती."

"आई, तसं नाही... मी उगीच बोलते वं आई, मनात काही नसते माह्या..." भावनाला रडू फुटलं.

"रडू नको. ऊन आहे, घरात जाय." जयवंताबाईनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. "बाकी सारं जमलं मले. आज म्हणली ते कसं सोडू?"

भावनानं चटकन वर पाहिलं. टोमणा मारताना जयवंताबाईची डावी भुवई वर जायची, हे इतक्या वर्षांत तिला चांगलं माहीत झालं होतं. भुवई जागेवरच होती. म्हातारी एक हात कूलरवर टेकवून, श्वासाचा आवाज होऊ नये म्हणून तोंड घट्ट मिटून, उत्तराची वाट बघत उभी होती.